पुलापर्यंतची जागा

आंबेगाळी हॉल्टला फलाट असा नाहीच. मुरुमाचा एक लांबट उंचवटा, त्यावर पत्र्याची शेड, सिमेंटचा एक बाक आणि तिकिटाची खिडकी असलेली बारकीशी खोली, एवढाच कारभार. जोयडा तालुक्याच्या जंगलातून लोंढ्याकडे जाणारी सकाळची पासिंजर इथं एक मिनिट थांबायची. त्या एका मिनिटात साठ-सत्तर माणसं, तेवढ्याच पाट्या, केळीचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कडेवरची पोरं एवढं सगळं आधीच गच्च भरून आलेल्या गाडीत कसं मावायचं, हे परगावच्या माणसाला समजत नसे. त्यानं कुणाला विचारलंच, तर लोक म्हणायचे, तिसऱ्या डब्यात जा आणि काशीला विचार.

ही काशी वेळीप. बाजारकुणंगकडची लेक. आंबेगाळीत सून म्हणून आली तेव्हा तिनं आगगाडी पहिल्यांदा पाहिली, आणि पुढं पस्तीस वर्षं त्याच गाडीनं लोंढ्याच्या बाजाराला कणगां विकायला गेली. कणगां म्हणजे जमिनीतले कंद. आपल्या इथं जंगलाच्या कडेला जितक्या जातीचे कंद होतात तितक्यांची नावंसुद्धा शहरातल्या माणसाला पाठ व्हायची नाहीत. काशीची पाटी बाजारात सर्वांत आधी रिकामी व्हायची, कारण कुठला कंद उकडायचा आणि कुठला भाजायचा हे ती गिऱ्हाइकाला दटावून सांगायची. बुटकी, काटक, आवाज मात्र असा की इंजिनाची शिट्टी चालू असतानाही ऐकू यावा.

त्या आवाजाच्या जोरावर तिनं तिसऱ्या डब्याला एक शिस्त लावून दिली होती. आंबेगाळीला गाडी यायची तेव्हा डब्यात फार तर पंधरा-वीस जणांना टेकायला जागा उरलेली असे, आणि चढायचे त्याच्या दुप्पट. पहिल्या काही वर्षांत त्यावरून रोज तोंडातोंडी व्हायची, एकदा तर दोन बायकांनी एकमेकींचे अंबाडे सोडले. मग काशीनं ठरवलं की एका जागेला दोन माणसं, त्यांची जोडी. हॉल्टपासून वाटेतल्या लोखंडी पुलापर्यंत एकानं बसायचं, पूल लागला की त्यानं उठायचं आणि लोंढ्यापर्यंत दुसऱ्यानं बसायचं. परत येताना उलटं. पोटुशी आणि अंगावर पाजणारी, यांना मात्र उठवायचं नाही. गाडी पुलावर खडखडायला लागली की काशी ओरडायची, "पूल आलाऽ, पाळी बदला!" आणि डबाभर माणसं उठायची आणि डबाभर माणसं बसायची. खाली घाटातून चढलेले परके प्रवासी हा प्रकार तोंड उघडं टाकून बघत राहायचे.

महाबळेश्वर मास्तर गावच्या शाळेवर नवीन बदलून आले तेव्हा त्यांना हे मुळीच पटलं नाही. ते वर्तमानपत्र उघडून बसले होते. पूल आला, त्यांच्या जोडीला दिलेला म्हातारा समोर येऊन उभा राहिला, आणि मास्तर म्हणाले, "मी तिकीट काढलंय." काशीनं वाद घातला नाही. तिनं आपली कंदाची पाटी उचलली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "बसा की मास्तर. बसणाऱ्यानं उभ्याचं वझं धरायचं, आसा कायदा हाय हितला." कायदा तिनं त्याच क्षणी केला होता. दहा मिनिटांत मास्तर उठले. आणि पुढं निवृत्त होईपर्यंत पाळीच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस डब्यात दुसरा नव्हता. ते घड्याळ लावून गाडीचा उशीरही टिपून ठेवायचे. त्यांचा हिशेब असा होता की गाडी सरासरी पाऊण तास उशिरा येते, आणि त्यात ती फार नियमित आहे. त्यामुळं आंबेगाळीत लिहिलेल्या वेळेत पाऊण तास मिळवणं हे लहान पोरालाही येत असे. त्या पाऊण तासात पेज व्हायची, गुरं सुटायची, आणि वर हॉल्टवर बसून गप्पा व्हायच्या त्या वेगळ्याच. खरं सांगायचं तर आंबेगाळीतली निम्मी लग्नं त्या सिमेंटच्या बाकावर जमलेली आहेत. गाडी वेळेवर आली असती तर कितीतरी जण बिनलग्नाचे राहिले असते.

काशीची जोडी होती बाळीशी. बाळी शेजारच्या घरातली. तिचा एक पाय जरा आखूड, म्हणून हॉल्टपर्यंतची चढण चढून ती दमून जायची. त्यासाठीच पहिली पाळी तिची. पुलापर्यंत बाळी बसायची आणि काशी तिच्यासमोर दांडीला धरून उभी राहायची. पूल आला की बाळी उठायची, काशी बसायची. पस्तीस वर्षांत दोघी एका जागेवर शेजारी शेजारी कधी बसल्या नाहीत. बोलणं सगळं झालं ते एक वर, एक खाली, असंच.

पाच वर्षांपूर्वी बाळी गेली. त्यानंतर काशीनं गाडीनं जाणं सोडलं. गुडघे दुखतात असं ती सांगते. गुडघे तिचे आधीपासूनच दुखत होते, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे.

दरम्यान रस्ता झाला. पोरांनी मोटरसायकली घेतल्या, रामनगरची बस दिवसातून तीनदा यायला लागली. गाडीला नवे डबे लागले, आणि त्यांत चढायला आंबेगाळीहून रोज चार माणसं, कधी दोन. वाईट वाटून घेण्यासारखं यात खरं म्हणजे काही नाही, लोकांची सोय झाली. पण काशीला वाईट वाटायचं, आणि ती ते लपवत नसे.

अशात एक दिवस हॉल्टवर तिकिटं विकणारा शिवानंद तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. हा रामनगरचा, तीन वर्षांपूर्वी या कामावर आलेला, सरळ माणूस.

"काशीअक्का, एक काम हाय. बुधवारी गाडीत सर्वे हाय. गर्दी किती, गाडी टायमात हाय काय, लोक समाधानी हाईत काय, सगळं लिवून घेणार. किती माणसं चढली ते बी मोजणार. माणसं न्हाई दिसली तर आपला हॉल्ट बंद करतील, आसं कानावर आलंय."

"बंद म्हंजे? गाडी थांबायची न्हाई?"

"न्हाई. शिट्टी मारून फुडं जाणार."

काशीनं पदर खोचला. मग म्हणाली, "गाडी कितीला?"

"सात बावन्न."

"बरं. माणसं मी आणते."

त्या तीन दिवसांत काशी घरोघर फिरली. दुखणारे गुडघे घेऊन वाडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत गेली. गोपाळनं भात कापायचं आहे म्हणून कुरकूर केली, तर त्याला तिनं आठवण करून दिली की तू जन्मलास तेव्हा तुझी आई याच गाडीनं दवाखान्यात पोचली होती, आणि त्या दिवशी डब्यातला प्रत्येक माणूस उभा होता. वासूच्या बायकोला म्हणाली, तुझं लग्न कुठल्या बाकावर ठरलं ते विसरलीस काय गे? तिची स्वतःची सून सोनिया तेवढी हसली. "आत्ये, गाडीत बसायला कुणी न्हाई म्हणून आपण जायचं? आनी तितं पोचून करायचं काय?" काशी म्हणाली, "च्या प्यायचा आनी परत यायचं. तू येणार हाईस." सोनिया येते म्हणाली, पण नाइलाजानं. प्रत्येकाला काशीनं बजावलं, बुधवारी साडेआठाला हॉल्टवर. पेज पिऊन या, घाई नको.

सात बावन्नमध्ये पाऊण तास मिळवला की साधारण साडेआठ होतात. काशीनं हिशेब अगदी बरोबर केला होता.

बुधवारी ती स्वतः मात्र साडेसातालाच हॉल्टवर होती. गर्दी व्हायची असेल तर पाट्यांची रांग आधी लावावी लागते, ही जुनी सवय. तिनं कंदाची भरलेली पाटी आणली होती. रिकाम्या हातानं गाडीत चढणं तिला बरं दिसेना. शिवानंदनं विचारलं, "माणसं कुटं हाईत?" ती म्हणाली, "येतात, येतात. वेळ हाय." तो खिडकीतून दोनदा डोकावला. आणि मग वळणापलीकडं शिट्टी झाली.

काशीला वाटलं मालगाडी असेल. या मार्गावर मालगाड्या दिवसभर चालतात, त्यांच्या शिट्ट्यांकडं कोण लक्ष देतं? पण इंजिनामागं निळे डबे दिसले, आणि गाडी हळू होऊ लागली. घड्याळात सात एकावन्न झाले होते.

"शिवा, ही आज लौकर कशी?"

"लौकर न्हाई अक्का. दोन वर्सं झाली, रोज टायमातच येते." आणि मग त्याच्या लक्षात आलं. "तुमी माणसांना किती वाजता सांगितलंय?"

काशीनं वळून पाहिलं. खालच्या वाटेवर एकही माणूस नव्हता. असणार कसा? सगळं गाव तिच्याच सांगण्यावरून निवांत पेज पीत बसलं होतं, आणि रोज जाणारे दोघे-चौघे त्या आठवड्यात भातकापणीला लागलेले. गाडी थांबली. एका मिनिटात करायचं काय, हे तिला सुचेना. शिवानंदनं तिची पाटी उचलून दारात ठेवली, हात देऊन तिला वर चढवलं, एवढ्यात गाडी सुटली.

डबा तिसराच होता. पण नवा, चकचकीत, आणि जवळजवळ रिकामा. पलीकडच्या टोकाला दोन कामगार झोपले होते. दाराशी एक तरुण मुलगी हातात टॅब घेऊन उभी होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर श्वेता असं नाव. तिनं टॅबवर बोट टेकवलं आणि आंबेगाळीसमोर एक हा आकडा भरला.

"नमस्कार आजी. मी सर्वेसाठी आलोय, बेळगावची. पाच मिनिटं बोलूया काय? बसा की."

काशी बसली नाही. तिनं पाटी बाकाखाली सरकवली, खिडकीजवळच्या जागेसमोर गेली आणि दांडी धरून उभी राहिली.

"आजी, बसा. सगळी जागा रिकामीच हाय."

"पूल आला की बसते. तू विचार."

श्वेताला ते समजलं नाही, पण तिच्याकडं प्रश्न बरेच होते. गाडीतल्या गर्दीबद्दल आपण समाधानी आहात का? एक ते पाच गुण द्या. काशीनं रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "गर्दीच न्हाई, तर गुण कशाला देऊ?" वक्तशीरपणाबद्दल? इथं मात्र काशीचा बांध फुटला.

"टायमात आली गे बाई, म्हणून तर घात झाला! साठ माणसं येणार हुती माजी. मीच त्यांना साडेआठ सांगितलं. ही गाडी जन्मात कधी टायमात आली न्हवती. तू एक लिवलंस न्हवं? ते पूस. साठ लिव. माणसं हाईत, गाव हाय, चूक माजी हाय."

"आजी, चढले तेवढेच लिहायला परवानगी हाय मला."

"मग नावं लिव. नावं लिवायला काय हरकत?"

शेवटी 'इतर सूचना' असा एक रकाना होता. श्वेतानं तो उघडला. म्हातारीचे डोळे भरलेले पाहून तिला नाही म्हणवलं नाही, असं तिनंच नंतर शिवानंदला सांगितलं. काशी जागांकडं बोट दाखवत नावं सांगू लागली. इथं गोपाळ आणि त्याची बायको लक्ष्मी. तिथं वासू. खिडकीपाशी महाबळेश्वर मास्तर, पेपर घेऊन. त्यांच्यासमोर झिलू, तो नेहमी झोपतो, त्याला उठवावं लागतं. सांगता सांगता तिचा आवाज चढला, दांडीवरचा हात सुटला, ती बाकांमधून पुढं मागं चालू लागली. परशू, त्याची आई, कोंबड्या घेऊन येणारी चिमाक्का. श्वेताची बोटं भराभर चालत होती.

"आनी ही जागा बाळीची. पुलापत्तूर."

"हे सगळे आज येणार होते?"

काशी थांबली. "न्हाई," ती म्हणाली. "मास्तर गेले. झिलू बी गेला. बाळीला जाऊन पाच वर्सं झाली."

श्वेतानं त्यांची नावं खोडली नाहीत. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात डब्याखाली खडखड सुरू झाली. काशीनं खाली नदीच्या पात्राकडं पाहिलं, पदरानं डोळे पुसले, आणि त्या खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसली.

लोंढ्यात तिची पाटी कशी खपली हे तिला आठवत नाही. तिला एकच विचार पडला होता, गावाला तोंड कसं दाखवायचं. पस्तीस वर्षं जिच्या शब्दावर डबा उठला आणि बसला, तिच्याच शब्दानं गावचा हॉल्ट जाणार होता. परतीच्या गाडीलाही श्वेताच होती. या वेळी काशी चढल्याबरोबर बसली, आणि पूल आल्यावर उठून उभी राहिली. 

आंबेगाळीचं वळण आलं, तेव्हा काशी दाराशी जाऊन उभी होती. आणि तिला उंचवट्यावर माणसं दिसली. शेडमध्ये, बाकावर, मुरुमावर, रुळांच्या अलीकडं. भात कापायचं सोडून गोपाळ होता, लक्ष्मी होती, पोरासोरांसकट सगळी वाडी होती. सकाळी साडेआठाला आली होती ती घरी गेलीच नव्हती. काशीला वाटलं, आता आपल्याला बोलणार. ती पायरीवरच थबकली. खालून सोनिया पुढं आली, तिच्या हातात तिकिटांचा गठ्ठा होता.

"आत्ये, उतरू नका! समद्यांची तिकिटं काढल्यात, फुडच्या कॅसलरॉकची. शिवाअण्णा म्हणाले, जाताना काय, येताना काय, चढलेली माणसं मोजणार. तुमचं बी काढलंय. सरा आत!"

काशी दारातनं मागं सरली. साठ माणसं एका दाराशी भिडली होती आणि मिनिट सरत होतं. मग तिचा तो जुना आवाज निघाला. "पोरांना खिडकीतनं घ्या! म्हातारी आदी! गोपाळ, आडवा उबा राऊ नको, मेल्या!" गार्डनं शिट्टी तोंडाला लावून ठेवली, आणि शेवटचा वासू आत ओढला जाईपर्यंत ती वाजवली नाही. श्वेता दाराशी भिंतीला चिकटून मोजत होती. एकसष्ट झाले. मग तिनं काशीकडं पाहिलं, आणि काशीनं नव्या तिकिटाचा हात उंच करून दाखवला. बासष्ट.

कॅसलरॉकला सगळ्यांनी चहा घेतला, भजी खाल्ली, आणि मग लक्षात आलं की परतायला गाडी नाही. बासष्ट माणसं रस्त्यानं चालत निघाली. वाटेत मागून दोन टेंपो आले, त्यांत म्हाताऱ्यांना आणि पोरांना बसवलं. टेंपोतही कुणीतरी पुलाची चौकशी केली आणि एकच हशा पिकला. काशी त्या दिवशी जितकी हसली तितकी बाळी गेल्यापासून हसली नव्हती, हे सोनिया आजही सांगते.

तीन महिन्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. त्यात सगळं काटेकोर होतं. सकाळच्या गाडीला आंबेगाळीत चढणारे प्रवासी एक, म्हणून थांबा रद्द. दुपारच्या गाडीला बासष्ट, म्हणून थांबा कायम. शिवानंदनं ते तीनदा वाचून दाखवलं. म्हणजे आता आंबेगाळीच्या माणसाला गाडीनं घरी येता येतं, घरून बाजाराला जाता येत नाही. गावात यावर बरेच दिवस चेष्टा चालली.

काशीनं पुन्हा बाजार धरला. दर बुधवारी ती आणि सोनिया सकाळच्या बसनं जातात. बसमध्ये काशीला मळमळतं, ती तोंडाला पदर लावून, रस्त्याला आणि बसला शिव्या देत पोचते. दुपारी दोघी लोंढ्याला गाडीत चढतात. डबा तिसरा, आणि बहुतेक रिकामा. काशी खिडकीजवळच्या त्या जागेवर बसते. परतीला पहिली पाळी तिची, तेव्हा पुलापर्यंतची जागा आता तिची. पहिल्या बुधवारी सोनिया समोरच्या बाकावर बसायला गेली, मग तिनं सासूकडं पाहिलं, आणि येऊन दांडी धरून उभी राहिली.

परके प्रवासी तिच्याकडं बघतात. एखादा सांगतोही, बाई, एवढी जागा आहे, बसा. सोनिया म्हणते, बसते, पूल येऊ दे. दोघींचं बोलणं चालू असतं, घरचं, बाजारचं, काशीच्या लेकाच्या, सागरच्या उधळपट्टीचं. पूल खडखडला की काशी गुडघ्यावर हात टेकून उठते आणि म्हणते, "बस गे आता. तुजी पाळी."